ग्रूव्हबॉक्स घ्यायचा का ड्रम मशीन? आपल्या तालाला चालणारा डबा कसा निवडायचा

लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच पोरं आजकाल लॅपटॉपवर बीट बनवायलेत आणि कधी ना कधी सगळ्यांनाच वाटतं की माऊस सोडून हातानं वाजवता येईल असं काहीतरी घ्यावं. मग व्हिडिओ बघायला बसलं की डोकं गरगरतं, एक जण म्हणतो वोल्का घ्या, दुसरा म्हणतो एमपीसीशिवाय पर्याय नाही, तिसरा सगळं विकून एलेक्ट्रॉन घ्या म्हणतो (ही सगळी अशा डब्यांची नाहीतर त्यांच्या कंपन्यांची नावं, पुढं एकेक येतीलच). ते सगळे त्यांच्या जागी बरोबरच आहेत, पण त्यातले बहुतेक जण हाऊस आणि टेक्नो बनवतात, चार ठोके सरळ, सोळा स्टेप म्हणजे आवर्तनाचे सोळा सारखे भाग, काम झालं. आपल्याला त्याच डब्यात हलगी बसवायची असते, गोंधळातलं संबळ बसवायचं असतं, भजनी ठेका बसवायचा असतो, नाहीतर दादऱ्यातल्या एखाद्या जुन्या चालीला नवा बीट द्यायचा असतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की आपली निवड दोन प्रश्नांवर करायची. डब्यात आपला स्वतःचा आवाज घालता येतो का, आणि डबा सोळा स्टेप सोडून बारावर चालतो का, ठोका थोडा मागंपुढं सरकवता येतो का. बाकी इफेक्ट किती, स्क्रीन केवढी, लाइट किती रंगाचे हे सगळं त्याच्यानंतर. आता एकेक पायरी बघू.

पायरी १: ही यंत्रं नेमकी काय करतात ते समजून घ्या

ड्रम मशीन म्हणजे फक्त ताल. किक, स्नेअर, हाय-हॅट, क्लॅप, टॉम, आणि ते कुठल्या स्टेपवर वाजायचे ते लक्षात ठेवणारा सिक्वेन्सर. रोलँडची टीआर-८०८ ही १९८० ला आली आणि १९८३ ला बंद पण झाली, तिच्यात रेकॉर्ड केलेला एकही आवाज नव्हता, सगळं अॅनालॉग सर्किटमधून तयार व्हायचं. त्याच १९८० ला रॉजर लिन ह्या अमेरिकन इंजिनिअरची एलएम-१ आली, तिच्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते. १९८३ च्या टीआर-९०९ नं दोन्ही एकत्र केलं, किक-स्नेअर अॅनालॉग आणि हॅट-सिंबल सॅम्पलचे म्हणजे रेकॉर्ड केलेले, शिवाय मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा, ती पण दिली. मग १९८८ ला अकाईची एमपीसी ६० आली, ती पण लिनच्याच डोक्यातून निघालेली, पॅडवर बोटानं वाजवा आणि वाजवलेलं तसंच रेकॉर्ड करा. ग्रूव्हबॉक्स हे नाव रोलँडनं १९९६ च्या एमसी-३०३ ला दिलं, ताल, बेस, सूर, इफेक्ट आणि सिक्वेन्सर सगळं एकाच डब्यात.

आज बाजारात जे काही दिसतं ते ह्याच घराण्यातलं आहे. कुणी आवाज तयार करतं, कुणी साठवलेला आवाज वाजवतं, कुणी दोन्ही करतं. कुणाचा भर स्टेपच्या बटणावर असतो तर कुणाचा पॅडवर. नवीन मॉडेलचं नाव ऐकलं की पहिल्यांदा आवाज कुठून येतो आणि भर बटणावर आहे का पॅडवर हे विचारा, अर्धा गोंधळ तिथंच संपतो.

इथं एक गोष्ट ऑर्केस्ट्रा आणि बँजोवाल्या पोरांसाठी. तुमच्याकडं एसपीडी-२० ऑक्टापॅड असेल तर तो विकू नका. ऑक्टापॅड तुम्ही हाणला की वाजतो, तो तुमच्यासाठी पॅटर्न लक्षात ठेवत नाही, पण त्याला मागं मिडी आउट आहे, त्याच्यातून वायर काढून ग्रूव्हबॉक्सच्या मिडी इनमध्ये घातली की काडी ऑक्टापॅडवर पडते आणि आवाज डब्यातला येतो. फक्त चॅनल आणि नोट नंबर जुळवावे लागतात. उदाहरणार्थ नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्समध्ये चार ड्रम हे चॅनल १० वर नोट ६०, ६२, ६४ आणि ६५ ला वाजतात, तेच नंबर ऑक्टापॅडच्या चार पॅडना द्यायचे. ज्याच्या हातात आधीच काडीचा सराव आहे त्यानं तो सराव वाया कशाला घालवायचा.

पायरी २: आपला ताल कागदावर उतरवा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. वहीच्या पानावर सोळा चौकोन आखा. केरव्याच्या आठ मात्रा, म्हणजे एका मात्रेला दोन चौकोन. धा गे ना ती, ना क धी ना. आता धा पहिल्या चौकोनात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ती सातव्यात, ना नवव्यात, क अकराव्यात, धी तेराव्यात आणि शेवटचा ना पंधराव्यात. ज्या बोलात डग्ग्याचा घुमारा आहे तिथं किक, म्हणजे १, ३ आणि १३. जिथं चाटीवरचा ना आहे तिथं रिम किंवा टणक आवाज, म्हणजे ५, ९, १५. ७ आणि ११ वर हलका हॅट. एवढं कुठल्याही ड्रम मशीनवर घाला, १०० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १०० ठोके, एक आवर्तन २.४ सेकंदात फिरतं, आणि एकदम ओळखीचा ठेका कानावर येतो. मधले जे सम आकड्याचे चौकोन रिकामे आहेत तिथं मग तुम्ही तुमची भरणी करायची.

आता दादरा घ्या. सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. दोन-दोन चौकोन धरले तर बारा. सोळाच्या डब्यात चार चौकोन उरतात आणि ताल लंगडा होतो. म्हणजे डब्याला सांगता आलं पाहिजे की बाराव्या स्टेपनंतर परत पहिल्यावर ये. काही डब्यांवर ही लांबी सगळ्या पॅटर्नला एकदम बदलते, काहींवर प्रत्येक ट्रॅकला वेगळी ठेवता येते. दुसरा प्रकार मिळाला तर फार मजा आहे, ढोलकीचा ट्रॅक बारावर आणि घुंगराचा ट्रॅक सोळावर ठेवला तर दोघं ४८ स्टेपनंतर परत एकत्र समेवर येतात, मधल्या वेळात ते एकमेकांपासून सरकत राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी सतत नवीन काहीतरी वाजवतंय. रूपकासारखा सात मात्रांचा ताल असेल तर चौदा स्टेप, हिशोब तोच.

जुन्या ८०८ वर पण ट्रिपलेटसाठी, म्हणजे एका ठोक्याचे तीन सारखे भाग करायला, प्री-स्केल नावाची सोय होती, त्यामुळं तीनच्या पटीतला ताल यंत्राला जमतच नाही असं अजिबात नाही. आपण बघून घेतलं पाहिजे एवढंच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे झोल, डुलणं, ज्याला ही यंत्रं स्विंग किंवा शफल म्हणतात. हलगी सरळ स्टेपवर वाजत नाही. स्विंग काय करतो तर सोळापैकी प्रत्येक सम स्टेप थोडी उशिरा वाजवतो. एमपीसीवर हा आकडा ५० पासून ७५ पर्यंत जातो, ५० म्हणजे एकदम सरळ, ६६ म्हणजे जवळपास तिप्पटीची चाल. आकड्यात सांगायचं तर १२० च्या टेम्पोला एक स्टेप १२५ मिलिसेकंदाची असते, ५० च्या स्विंगला दुसरी स्टेप १२५ ला वाजते आणि ६६ ला ती साधारण १६५ ला वाजते, चाळीस मिलिसेकंदाचा फरक, पण पाय उचलायचा का नाही ते ह्या चाळीसवर ठरतं. मी स्वतः ५६ ते ६० च्या मधे सुरुवात करून कानाला बरं वाटेपर्यंत हलवतो.

पण स्विंग सगळ्यांना एकसारखा लागतो आणि हलगीवाल्याचा हात असा एकसारखा नसतो, तो एक ठोका ओढून घेतो आणि पुढचा आधीच टाकतो. त्यासाठी एकतर डब्यात प्रत्येक स्टेप वेगळी सरकवायची सोय पाहिजे, नाहीतर पॅडवर वाजवलेलं क्वांटाइझ न करता, म्हणजे ठोका बळंच स्टेपवर न ओढता, जसंच्या तसं रेकॉर्ड व्हायला पाहिजे. हे दोन्ही नसेल तर तो डबा चांगला असेल, पण हलगीचा नाही.

पायरी ३: आवाज आधी गोळा करा, डबा नंतर

सॅम्पल घेणारा डबा घ्यायचा ठरवत असाल तर त्याच्यात घालायला काय आहे ते आधी जमवा. फोनवर आजकाल पुरेसं चांगलं रेकॉर्ड होतं, फक्त अॅप असं पाहिजे की ते वेव्ह फाइल देईल, कारण नेहमीचं व्हॉइस रेकॉर्डर आवाज दाबून टाकतं आणि स्वतःच लेव्हल वरखाली करत बसतं.

हलगीची गोष्ट सविस्तर सांगतो कारण इथं नेट लावून काम केलं तर पुढची दोन-तीन वर्षं तेच आवाज वापरता येतात. आमच्याकडं औशाच्या बाजूला एक काका आहेत, लग्नात, जत्रेत वाजवतात. त्यांच्याकडं फोन घेऊन गेलो तर ते म्हणले, "थांब बाळा, आधी शेकू दे तिला." काटक्या पेटवल्या, हलगी जाळापुढं फिरवत राहिले, मधेमधे बोटानं टिचकी मारून ऐकायचे, आणि पहिल्यांदा जो ढब्ब आवाज येत होता तो चढत चढत एकदम कडक टणत्कारावर गेला. हे आपण ध्यानात घ्यायचं ते ह्यासाठी की कातडं गार झालं की सूर परत उतरतो. म्हणजे दहा ठोके आता आणि दहा ठोके गप्पा मारून झाल्यावर घेतले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. एका शेकण्यात एक पूर्ण संच घ्यायचा.

संच म्हणजे काय, तर जाड टिपरूचा मधला ठोका, कडेचा ठोका, बारीक काडीची एक टिक, काडीचा सलग कडकडाट, आणि हातानं दाबून मारलेला बंद ठोका. प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात असा तीनदा, आणि दोन ठोक्यांच्या मधे आवाज पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं. फोन हलगीच्या तोंडासमोर अगदी जवळ धरू नका, पार फाटतो आवाज, चार-पाच फूट लांब आणि थोडा तिरका धरा. उघड्यावर, शेतात वगैरे घेतलं तर भिंतीचा प्रतिध्वनी येत नाही, फक्त वारं नसलेली वेळ बघा, सकाळची बरी. संबळ घेताना दोन्ही तोंडं वेगवेगळी घ्या, मोठ्या तोंडावर घासून जो घुमवलेला आवाज निघतो तो लांब असतो, तो पूर्ण येऊ द्या, मधेच कापू नका. तुळजापूर, माहूरकडं गोंधळ्यांच्या घरी वाजवणारी माणसं असतात, विचारून, मानानं आणि मानधन देऊन रेकॉर्ड करा, आणि तो आवाज कशात वापरणार तेही त्यांना आधीच सांगा.

घरी आलं की ऑडॅसिटी ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे प्रत्येक ठोका वेगळा कापायचा. ठोक्याच्या आधीची शांतता पार शून्य करायची, तिथं वीस मिलिसेकंद जरी राहिले तरी तो आवाज कायम उशिरा वाजतोय असं वाटत राहतं आणि माणूस उगाच डब्याला दोष देतो. मोनो करा. सोळा बिट, ४४.१ किलोहर्ट्झची मोनो फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी खाते, एक ठोका अर्धा-एक सेकंदाचा, म्हणजे अख्खा हलगीचा संच तीन-चार एमबीत बसतो. हा हिशोब डोक्यात ठेवा, आता पुढं कामाला येतो.

पायरी ४: आता डबे समोर ठेवा

सगळ्यात स्वस्त दार म्हणजे टीनएज इंजिनिअरिंगचं पीओ-३३. कॅल्क्युलेटरएवढं, उघडी सर्किट पट्टी, दोन बारीक एएए सेलवर चालतं, त्याला स्वतःचा माइक आहे. पण सगळं मिळून ४० सेकंदांचंच सॅम्पल बसतं. प्रवासात खेळायला उत्तम, त्याच्यावर अख्खा कार्यक्रम उभा करायचा म्हणलं तर बोटं दुखतात. त्याच कंपनीचा ईपी-१३३ हा २०२३ ला आला, बारा-बारा पॅडचे चार गट, स्पीकर-माइक आतच, आणि पॅड खरंच वाजवण्यासारखे.

कोर्गच्या वोल्कांमधे दोन नावं लक्षात ठेवा. वोल्का बीट्स हा २०१३ चा, किक-स्नेअर-टॉम-हॅट अॅनालॉग आणि क्लॅप, क्रॅश वगैरे पीसीएम म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले. किक खाली मस्त जाते, स्नेअर जरा पातळ आहे. स्टेप वगळायची सोय आहे म्हणजे बारा करता येतात, पण स्वतःचा आवाज घालता येत नाही. वोल्का सॅम्पलमधे घालता येतो, जुन्यात ४ एमबी म्हणजे ६५ सेकंद, सॅम्पल २ मधे त्याच्या दुप्पट आणि यूएसबी. आपला तीन-चार एमबीचा हलगी संच सॅम्पल २ मधे आरामात बसतो आणि वर जागा उरते. पहिला डबा म्हणून मी बहुतेकांना हाच सुचवतो. त्याची अडचण अशी की पॅड नाहीत, सपाट स्पर्शाच्या पट्टीवर वाजवावं लागतं, जोर कमी-जास्त कळत नाही.

रोलँडची टीआर-६एस आणि मोठी टीआर-८एस ही खऱ्या अर्थानं ड्रम मशीन. ८०८-९०९ चे आवाज आत आहेतच, शिवाय एसडी कार्डवरून आपले सॅम्पल घालता येतात, ट्रॅकला लांबी वेगळी ठेवता येते. लग्नात, गणपतीत सबवूफर हलवणारी किक पाहिजे आणि तिच्यावर आपली हलगी पाहिजे असं ज्याचं स्वप्न आहे त्यानं इकडं बघावं. ६एस ला सहा ट्रॅक, चार एए सेलवर नाहीतर यूएसबीवर चालते. ८एस ला अकरा ट्रॅक, प्रत्येकाला उभा फेडर म्हणजे आवाज वरखाली करायची सरकपट्टी, आणि वेगवेगळे आउट, म्हणजे साउंडवाल्याला किक वेगळी देता येते, तो खूश होतो. बेस आणि सूर मात्र ह्यांच्यात शोधू नका.

बेहरिंगरची आरडी-८ ही ८०८ च्या धर्तीवरची आणि आरटुरियाची ड्रमब्रूट इम्पॅक्ट ही तिच्या स्वतःच्या चालीची, दोन्ही अॅनालॉग. आवाज जाड, पण दोन्हीत हलगी घालता येत नाही, त्यामुळं आपल्या पहिल्या प्रश्नाला इथंच उत्तर मिळालं. दुसरा डबा म्हणून ठीक.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगीन ते दोन. एक म्हणजे नोव्हेशनची सर्किट ट्रॅक्स, २०२१ ची. दोन सिंथ ट्रॅक म्हणजे बेस आणि सूर तयार करणारे, चार ड्रम ट्रॅक ज्यात आपले सॅम्पल जातात, दोन बाहेरच्या मिडीसाठी, बॅटरी आतच आणि ती चारेक तास चालते. एक पॅटर्न ३२ स्टेपपर्यंत, प्रत्येक ट्रॅकला सुरुवात आणि शेवट वेगळा ठेवता येतो, आणि प्रत्येक स्टेपच्या आत सहा बारीक हिस्से आहेत, ठोका त्यातल्या कुठल्याही हिश्श्यावर ठेवता येतो. म्हणजे दादरा पण झाला आणि हलगीचं ओढणं पण झालं. स्क्रीन नाही, रंगावरून सगळं ओळखायचं, हे काहींना आवडत नाही. तिचीच बहीण सर्किट रिदम, तिच्यात सिंथ नाहीत, आठही ट्रॅक सॅम्पलचे.

दुसरा एलेक्ट्रॉनचा मॉडेल:सॅम्पल्स, २०१९ चा, सहा ट्रॅक, ६४ स्टेप. ह्याची ताकद पॅरामीटर लॉकमधे आहे. स्टेपचं बटण दाबून धरायचं आणि कुठलंही नॉब फिरवायचं, तो बदल फक्त त्या एका स्टेपपुरता राहतो. समजा हलगीचा एकच ठोका घातलाय, तर पाचव्या स्टेपला त्याचा सूर थोडा चढवा, नवव्याला आवाज निम्मा करा, पंधराव्याला शेपूट कापा, आणि एकाच फाइलमधून हात बदलून वाजवल्यासारखं ऐकू येतं. स्टेप मागंपुढं सरकवता येते, ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवता येते. प्रोजेक्टला ६४ एमबी, आपल्या हिशोबानं मोनोची दहा मिनिटं आरामात बसतात. पॅड मात्र कडक आहेत, बोटानं नाजूक वाजवणाऱ्याला जमणार नाहीत. ह्याचाच मोठा भाऊ डिजिटॅक्ट, २०२४ च्या डिजिटॅक्ट २ मधे सोळा ट्रॅक आणि स्टिरिओ सॅम्पल आहेत, पण किंमतही तशीच.

ज्याचा हात पॅडवर बसलाय, ढोलकी-तबला बोटानं वाजवणारा आहे, त्यानं एमपीसी वन किंवा रोलँडची एसपी-४०४ एमके २ बघावी. एमपीसी म्हणजे जवळपास कॉम्प्युटरच, टच स्क्रीन, तालाची लांबी मनासारखी, शिकायला वेळ लागतो. वनला बॅटरी नाही, लाइव्ह २ ला बॅटरी आणि स्पीकर दोन्ही आहेत. एसपी सहा एए सेलवर चालते आणि तिचे इफेक्ट हातात घेऊन वाजवायला फार गोड आहेत.

किमतीचा क्रम ढोबळमानानं पीओ, मग वोल्का, मग ईपी-१३३, मॉडेल:सॅम्पल्स, सर्किट आणि टीआर-६एस, मग एसपी, मग टीआर-८एस आणि एमपीसी, आणि शेवटी डिजिटॅक्ट २ असा लागतो. डॉलरचा भाव आणि आयातीचा कर ह्याच्यानं आकडे सारखे हलतात, त्यामुळं घ्यायच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी फोन करूनच भाव धरा.

पायरी ५: पैसे द्यायच्या आधी घरबसल्या तपासणी

आपल्याकडं दुकानात जाऊन हात लावून बघायची सोय जवळपास नाहीच, त्यासाठी पुणं-मुंबई गाठावी लागते. पण मॅन्युअल सगळ्या कंपन्यांच्या साइटवर फुकट असतं. ते उतरवून घ्या आणि त्यात ट्रॅकची लांबी, स्विंग, क्वांटाइझ बंद करणं, पॅटर्नची साखळी आणि सॅम्पल भरणं ही पाच कामं शोधा. प्रत्येकाला किती बटणं दाबावी लागतात ते बघा. जे काम तुम्ही रोज करणार ते तीन मेनूच्या आत दडलेलं असेल तर तो डबा तुम्हाला कंटाळा आणणार.

दुसरं, फोनवर कोआला सॅम्पलर नावाचं अॅप घ्या आणि त्यात आपले हलगीचे आवाज घालून महिनाभर काम करा. पॅडवर वाजवायची ओढ वाटली तर एमपीसी-एसपीच्या वाटेनं जा. चौकोनात ठोके मांडायला जास्त आवडलं तर एलेक्ट्रॉन, सर्किट, टीआरच्या वाटेनं. ही ओढ व्हिडिओ बघून कळत नाही, करूनच कळते.

जुना डबा घेत असाल तर विकणाऱ्याकडून बंद-चालू करतानाचा सलग व्हिडिओ मागा. एकेक पॅड हळू आणि जोरात दाबलेलं दिसलं पाहिजे, नॉब फिरवताना आकडा उड्या मारतो का बघा, हेडफोनचं जॅक हलवल्यावर खरखर येते का ऐका, सेलचं झाकण उघडून आत हिरवा गंज आहे का तेही बघा.

पायरी ६: वायर, वीज आणि मंडप

लाइटचा भरवसा आपल्याकडं किती हे सांगायला नको, म्हणून सेलवर नाहीतर यूएसबीवर चालणाऱ्या डब्याला मी वरचे मार्क देतो. पॉवरबँक वापरणार असाल तर एक तपासा, काही पॉवरबँक कमी करंट ओढला गेला की आपोआप बंद पडतात, छोटा डबा त्यावर मधेच मरतो. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर अॅडॉप्टर लावला की भुणभुण येते, त्यावेळी सेलवर जा.

वोल्काला अॅडॉप्टर घेताना फार सांभाळून. तो ९ व्होल्टचा आणि मधला टोक पॉझिटिव्ह असलेला लागतो. गिटारच्या पेडलचे अॅडॉप्टर पण ९ व्होल्टचेच असतात, पण त्यांचा मधला टोक निगेटिव्ह असतो. अॅडॉप्टरवरची छोटी गोल खूण बघितल्याशिवाय लावू नका.

दोन डबे एकत्र चालवायचे तर सिंक, म्हणजे दोघांचा ठोका जुळवणारा इशारा, लागतो. मिडी क्लॉक एका ठोक्याला २४ ठिणग्या पाठवतो, वोल्का आणि पीओ मात्र साध्या ३.५ मिमीच्या वायरवर एका ठोक्याला दोनच पल्स धरतात. बारीक जॅकवालं मिडी असेल तर ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, कोर्ग ए वापरतं, आरटुरिया बी, चुकीचा कनव्हर्टर लावला की काहीच खराब होत नाही, फक्त काहीच वाजत नाही आणि माणूस रात्रभर सेटिंग शोधत बसतो.

आता मंडपातली गोष्ट, हिच्यामुळं भल्याभल्यांचा कार्यक्रम बसलेला बघितलाय. छोट्या डब्याचा आउट हा हेडफोनचा स्टिरिओ जॅक असतो. साउंडवाला घाईत एक सरळ स्टिरिओ वायर घेतो आणि मिक्सरच्या एका मोठ्या जॅकमधे खुपसतो. मिक्सरचा तो इनपुट बॅलन्स्ड असतो, तो डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढा घेतो. किक दोन्ही बाजूंना सारखीच असते, म्हणजे फरक शून्य, म्हणजे किक गायब, आणि वर फक्त इफेक्टचा धूर राहतो. सगळे अॅम्प्लिफायर तपासत बसतात. ह्याला उपाय म्हणजे एका बाजूला ३.५ चा स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगवेगळे मोनो जॅक अशी वायर, ती स्वतःच्या बॅगेत ठेवायची, दोन नग. जनरेटरवर घूं आवाज येत असेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे डबा आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी पेटी. आणि तिथं सगळं मोनोच वाजणार असं धरून घरी ट्रॅक मोनोत ऐकून जा.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत नाहीतर उभ्या गाडीत डबा ठेवू नका, बॅटरी फुगते. धूळ तर आपल्याकडं बारा महिने, फेडर असलेल्या डब्यावर वापरून झालं की सुती कापड टाका.

पायरी ७: डबा घरी आल्यावर

पहिल्यांदा कंपनीचे आतले नमुने ऐका आणि मग रिकामा प्रोजेक्ट उघडा. वरचा केरवा घाला, १, ३, १३ ला किक. त्याच्यावर हलगीचा एकच आवाज घेऊन स्विंग हलवत बसा. मग त्याच पॅटर्नची कॉपी करून लांबी बारा करा आणि दादरा मांडा. दोन्ही पॅटर्न साखळीत थेट एकामागं एक लावू नका, केरव्यावरून दादऱ्यावर जाताना मधे एक तिहाईचा पॅटर्न ठेवा, नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय अडकतात.

वरातीसाठी पॅटर्न बनवताना चार ठेवा, एक फक्त हलगी, एक हलगी आणि किक, एक सगळं भरलेलं, आणि एक रिकामं ज्यात फक्त संबळाची घुमारी आहे. खऱ्या वाजवणाऱ्यांना सोबत घेणार असाल तर डब्याचा टेम्पो त्यांच्या हातावर ठरवा, टॅप टेम्पोचं बटण त्यासाठीच असतं, आणि काका गरम झाले की दोन-तीन बीपीएम वर न्यायची तयारी ठेवा.

सॅम्पल आणि प्रोजेक्टचा बॅकअप प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी कॉम्प्युटरवर. सर्किटला कंपोनंट्स, एलेक्ट्रॉनला ट्रान्सफर नावाचं सॉफ्टवेअर आहे, टीआरला एसडी कार्ड. मूळ कापलेल्या वेव्ह फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर, फाइलच्या नावात वाद्य, ठोका आणि जोर लिहून, जसं हलगी-कड-जोरात-१, कारण सहा महिन्यांनी रेकॉर्डिंग-४७ हे काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.